जुनं अ‍ॅडव्हेंचर, नवी एडिशन: नुसते आकडे बदलून भागत का नाही

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात अ‍ॅडव्हेंचर म्हणजे आयती तयार मोहीम. नकाशा, खोल्यांची वर्णनं, कुठे कोण दबा धरून बसलंय, कुठे सापळा, कुठे खजिना, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी एखादी गोष्ट. पुस्तक फक्त डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, हातात असतं. खेळाडू प्रश्न विचारत आणि फासे टाकत त्यातून वाट काढतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली आला. त्यासाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या दशकात छापलेली कित्येक अ‍ॅडव्हेंचर आजही चालवावीशी वाटतात. पण दरम्यान खेळाचे नियम बदलत गेले. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांची तीन पुस्तकं आली (हीच पहिली एडिशन), १९८९ला दुसरी एडिशन, २०००ला तिसरी, २००३ला तिची सुधारित साडेतीन, २००८ला चौथी, २०१४ला पाचवी आणि २०२४ला पाचवीचीच नवी आवृत्ती. काही वेळा डागडुजी झाली, काही वेळा पायाच नव्याने घातला गेला. त्यामुळे जुनं पुस्तक उघडून तसंच्या तसं आजच्या टेबलावर चालवता येत नाही. मधे जे काम करावं लागतं त्याला खेळाडू कन्व्हर्जन म्हणतात.

बहुतेक जण कन्व्हर्जनला कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. माझ्या मते आकडे हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि त्यावर गरजेपेक्षा फार जास्त वेळ जातो. जुन्या लेखकाने खोली लिहिताना त्या काळचा एखादा नियम गृहीत धरलेला असतो, आणि तो इतका सवयीचा असतो की त्याचा उल्लेखही तो करत नाही. तो नियम नव्या पुस्तकात नसेल तर आकडे कितीही अचूक उतरवा, खोली चालत नाही. शोधायचा असतो तो हा न लिहिलेला नियम.

आधी आकड्यांचा निकाल लावू

आर्मर क्लास, म्हणजे समोरच्याला फटका लागणं किती अवघड, हा आकडा जुन्या नियमांत उलटा चालायचा. अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत चिलखत नसेल तर १०, पूर्ण चिलखत असेल तर ३, आणि त्याहून भारी असेल तर शून्याच्या खाली उणे आकडे. दुसऱ्या एडिशनमध्ये हल्ल्याची ताकद ‘थॅको’ने मोजत: आर्मर क्लास शून्य असलेल्याला फटका मारायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा. हा आकडा जितका कमी तितका लढवय्या चांगला. तिसऱ्या एडिशनने हे सगळं सुलटं केलं, आणि तेव्हापासून मोठा आकडा म्हणजे चांगला.

सूत्र सरळ आहे. नवा आर्मर क्लास हवा असेल तर २० मधून जुना वजा करा. मूळ पुस्तक बेसिक सेटच्या, म्हणजे जोडीने निघालेल्या सोप्या नियमांचं असेल तर १९ मधून वजा करा, कारण तिथे बिनचिलखती माणसाचा आकडा ९ होता. हल्ल्याचा बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, हवा असेल तर २० मधून थॅको वजा करा.

आता हे सूत्र ओगरला, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाला, लावून पाहू. दुसऱ्या एडिशनमध्ये ओगरचा आर्मर क्लास ५ आणि थॅको १७. म्हणजे नवा आर्मर क्लास १५ आणि हल्ल्याचा बोनस ३. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसू शकतो तो आकडा, आठ बाजूंच्या चार फाशांवर अधिक १, सरासरी १९. हा झाला गणितातून निघालेला ओगर. पण २०१४च्या पुस्तकातला ओगर उघडून पाहा: आर्मर क्लास ११, हल्ल्याचा बोनस ६, हिट पॉइंट ५९. दोघांमध्ये नावापलीकडे फारसं साम्य नाही.

याचं कारण पाचव्या एडिशनच्या रचनेत आहे. तिथे आर्मर क्लास आणि हल्ल्याचे बोनस मुद्दाम एका अरुंद पट्ट्यात ठेवले आहेत. पात्राचा प्रोफिशन्सी बोनस, म्हणजे निपुणतेचा आकडा, पहिल्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) २ असतो आणि विसाव्या लेव्हलपर्यंत जेमतेम ६ होतो. फटके सतत लागत राहतात, आणि ताकद दिसते ती हिट पॉइंट आणि नुकसानीच्या आकड्यांत. पहिल्या एडिशनमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या लाल ड्रॅगनचे जास्तीत जास्त हिट पॉइंट ८८ होते. पाचवीतल्या प्राचीन लाल ड्रॅगनचे ५४६ आहेत. जुन्या ड्रॅगनला सूत्राने नव्या टेबलावर आणलं तर तो दोन फेऱ्यांत आडवा होईल, आणि खेळाडू तुमच्याकडे ‘झालं एवढंच?’ अशा नजरेने बघतील.

म्हणून नियम एकच: नव्या पुस्तकात तोच प्राणी असेल तर गणित करू नका, नवा प्राणी उचलून ठेवा. नसेल तर त्याच्यासारखा वागणारा दुसरा घ्या आणि त्याला जुन्याचं नाव आणि रूप द्या. २०२४च्या नियमांसोबतच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या पुस्तकात) ऑर्कचा स्वतंत्र स्टॅट ब्लॉकच (आकड्यांचा तक्ता) नाही. तिथे एखादा साधा माणूस-लढवय्या घेऊन त्यालाच ऑर्क म्हणायचं. टेबलावर कोणाला कळतही नाही. सूत्र फक्त एकमेव, नाव असलेल्या खलनायकासाठी ठेवावं, आणि तेही अंदाज बांधण्यापुरतं.

प्राणी बदलले की संख्या तपासायची. जुन्या अ‍ॅडव्हेंचरमध्ये एका खोलीत डझनभर ऑर्क सर्रास असतात. त्या काळी पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या चमूत, सहा ते नऊ पात्रं असायची, शिवाय भाड्याने आणलेले सैनिक. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे ‘स्लीप’ हा मंत्र असेल तर तो चार बाजूंच्या चार फाशांवर पडतील तितके ऑर्क एका झटक्यात झोपवायचा, सरासरी दहा, आणि त्यांना सेव्हिंग थ्रोसुद्धा (परिणाम टाळायचा फासा) नाही. २०१४च्या नियमांत तोच मंत्र सरासरी २२ हिट पॉइंटइतके प्राणी झोपवतो. ऑर्कला १५ हिट पॉइंट असतात, म्हणजे एक झोपला, दुसरा जागाच. टेबलावर आता चार-पाच जण असतात, आणि नवा ऑर्क एका फटक्यात सरासरी ९ ते १० हिट पॉइंट घेतो. डझनाचे तीन किंवा चार करावेच लागतात. डझन दाखवायचेच असतील तर बाकीचे ओरडत पळून जाणारे ठेवा. पळण्याचा विषय पुढे येणारच आहे.

सोनं म्हणजे अनुभव

जुन्या खेळाची गुरुकिल्ली लढाईच्या कोष्टकात सापडत नाही, खजिन्यात सापडते. पहिल्या एडिशनमध्ये आणि बेसिक नियमांत बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभव गुण मिळायचा. राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानाने किरकोळ होते. दुसऱ्या एडिशनमध्ये सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, आणि पुढे तर नियमातून गेलेच.

आता जुनं अ‍ॅडव्हेंचर या नजरेने पुन्हा वाचा. ओगर पाहून पहिल्या लेव्हलची पार्टी लढत का नाही? कारण लढून मरण्याची शक्यता मोठी आणि मिळकत कमी. ओगर झोपलेला असताना त्याची थैली पळवली तर तेवढेच गुण मिळतात. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या गॅरी गायगॅक्सच्या (खेळाच्या निर्मात्यांपैकी एक) प्रसिद्ध अ‍ॅडव्हेंचरमध्ये एक झकास जागा आहे. गोब्लिनांच्या गुहेवर हल्ला झाला की ते गुप्त दारातून २५० नाण्यांची थैली शेजारच्या ओगरकडे फेकतात, आणि तो त्यांच्या मदतीला धावतो. पण हा ओगर भाडोत्री आहे. जास्त पैसे दिले तर तो खेळाडूंचंही काम करतो. अख्खी जागा सोन्याभोवती रचलेली आहे. गोब्लिनांना ते देणं परवडत नाही, खेळाडूंना सोडवत नाही, आणि ओगरला पैसा कोणाचाही चालतो.

हीच जागा पाचव्या एडिशनमध्ये नुसते आकडे बदलून चालवली तर काय होतं? राक्षस मारण्याचेच गुण मिळतात, म्हणून खेळाडू तलवारी उपसतात. २०१४च्या कोष्टकानुसार पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी ४०० गुणांची लढाई ‘डेडली’ ठरते, आणि एकट्या ओगरचे ४५० गुण होतात. त्याचा एक फटका सरासरी १३चा, तर पहिल्या लेव्हलच्या फायटरचे (लढवय्या पात्राचे) हिट पॉइंट साधारण १२. म्हणजे लेखकाने सौदेबाजीसाठी लिहिलेली जागा आपण कत्तलखान्यात बदलली, आणि तीही सगळे आकडे बरोबर ठेवून.

यावर दोन उपाय चालतात. पहिला, मारण्याचे गुण बंद करायचे आणि मोहिमेतला ठरावीक टप्पा गाठला की लेव्हल द्यायची. आजकाल बरेच जण असंच खेळतात, आणि त्यामुळे निदान लढण्याची बळजबरी जाते. दुसरा, मला जास्त आवडणारा, सोन्याचे गुण परत आणायचे. पण सरळ एकास एक नाही. पहिल्या एडिशनच्या फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००१ गुण लागायचे, पाचवीत ३०० लागतात. पाचव्या लेव्हलला हे आकडे १८,००१ आणि ६,५००, तर नवव्याला २,५०,००१ आणि ४८,०००. म्हणजे प्रमाण आधी साधारण सातास एक, मग तिनास एक, मग पाचास एक. एका गुणकाने हे जमणार नाही हे उघड आहे. त्यापेक्षा अ‍ॅडव्हेंचरमधला एकूण खजिना मोजा, पार्टी शेवटी कुठल्या लेव्हलला पोचलेली हवी ते ठरवा, आणि त्यावरून त्या अ‍ॅडव्हेंचरपुरता दर बांधा.

इतकं सोनं खेळाडूंच्या हाती आलं तर त्याचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न. पहिल्या एडिशनने त्याची सोय केली होती: नवी लेव्हल घ्यायला प्रशिक्षणावर आठवड्याला लेव्हलगणिक १,५०० नाणी. पाचवीत पूर्ण चिलखत १,५०० नाण्यांना घेतलं की पुढे खर्चाची वाटच खुंटते. गुण टप्प्यांवर देणार असाल तर खजिना बेधडक कापा. सोन्यावर देणार असाल तर तो ठेवा आणि खर्चाच्या जागा तयार करा: जहाज, किल्ला, खंडणी, मेलेल्याला परत आणायची किंमत.

जादूच्या वस्तूंचंही तसंच. जुन्या मोहिमांत अधिक एकच्या (फटक्याला एक गुण वाढवणाऱ्या) तलवारी पावलोपावली पडलेल्या असतात. पाचवीच्या अरुंद पट्ट्यात त्या एका गुणाला वजन आहे, त्यामुळे निम्म्या तरी काढाव्यात.

विष प्यायलं, मेला

जुन्या पुस्तकात ‘सेव्ह किंवा मृत्यू’ हे इतक्या सहज लिहिलेलं असतं की नवा डीएम दचकतो. महाकाय कोळी चावला आणि सेव्ह चुकला, तर पात्र संपलं. वाइटचा (प्रेतासारख्या एका राक्षसाचा) स्पर्श झाला, तर कमावलेली एक अख्खी लेव्हल गेली. पाचवीत तोच कोळी विषाचं नुकसान करतो, आणि त्या विषाने कोणी शून्यावर गेला तरी तो मरत नाही, तासभर लुळा पडतो. वाइट जास्तीत जास्त हिट पॉइंटची मर्यादा खाली आणतो, आणि लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती) घेतली की ती परत वर येते.

मग ही सौम्य आवृत्ती घ्यायची का? बहुतेक ठिकाणी, हो. पण सगळीकडे नाही, कारण मरणाच्या भीतीनेच खेळाडू सावध वागत होते. मी नुकसान सौम्य करतो आणि त्या बदल्यात इशारा ठळक करतो. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं सुकलेलं प्रेत आधीच्या खोलीतून दिसू द्यावं. प्राणघातक गोष्ट प्राणघातकच ठेवायची असेल तर तिचा वास दोन दारं आधी यायला हवा.

सेव्हिंग थ्रोमध्ये आणखी एक खाच आहे, आणि ती वरच्या लेव्हलला त्रास देते. जुन्या नियमांत सेव्हचा आकडा पात्राच्या क्लास (फायटर, जादूगार असा प्रकार) आणि लेव्हलवरून ठरायचा, हल्ला करणाऱ्यावरून नाही. लेव्हल वाढली की सगळेच सेव्ह सुधारायचे. दहाव्या-बाराव्या लेव्हलचा फायटर विषाला फारसा घाबरत नसे. पाचवीत सहा वेगळे सेव्ह आहेत, आणि ज्यात पात्राला प्रोफिशन्सी नाही तो आपोआप कधीच वाढत नाही, तर समोरच्याचा डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, मात्र वाढत जातो. म्हणून वरच्या लेव्हलचं जुनं अ‍ॅडव्हेंचर आणताना एका चुकलेल्या सेव्हवर पात्र निकालात निघेल अशा जागा नव्या नियमांत उलट जास्त क्रूर होतात. तिथे पाचवीतल्या, नजरेने दगड करणाऱ्या मेड्युसाची पद्धत उचलावी: पहिला सेव्ह थोडक्यात चुकला तर अंग ताठरायला लागतं, दुसराही चुकला तरच दगड.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. काही अ‍ॅडव्हेंचर मुळात स्पर्धेसाठी लिहिली गेली. ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ साली ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात स्पर्धा म्हणून खेळवलं गेलं आणि १९७८ला छापलं गेलं. स्पर्धेत कोण किती आत पोचला हे मोजायचं असतं, त्यामुळे पात्रं मरणं हा तिथे गुण मोजायचा भाग झाला. दोन वर्षं जपलेलं पात्र घेऊन येणाऱ्या खेळाडूंना असं थडगं जसंच्या तसं देऊ नये. त्या एका दिवसापुरती तयार पात्रं वाटावी आणि मग हवं तितकं क्रूर व्हावं.

एक रात्र झोपलं की सगळे ठणठणीत

पहिल्या एडिशनमध्ये विश्रांती घेतली तर दिवसाला एक हिट पॉइंट परत यायचा. एका मोठ्या लढाईची किंमत आठवडाभर गावात पडून राहणं ही होती, आणि तेवढ्यात गुहेतले शत्रू सावध व्हायचे. शिवाय दहा-दहा मिनिटांच्या टर्नचा हिशोब, मशाली संपत जाणं, आणि ठरावीक टर्ननंतर भटक्या राक्षसांसाठी टाकलेला फासा. प्रत्येक मिनिटाला किंमत होती.

पाचवीत आठ तासांची लाँग रेस्ट घेतली की सगळे हिट पॉइंट परत. ‘लाइट’ हा मंत्र पूर्वी पहिल्या लेव्हलची जागा अडवायचा, आता तो कितीही वेळा फुकट टाकता येतो, आणि निम्म्या पार्टीला अंधारात दिसतंच. मशालींच्या मागे लागू नका, ती लढाई हरलेली आहे. विश्रांतीवर मात्र काम करता येतं. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक ऐच्छिक नियम आहे: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. अनेक दिवस चालणाऱ्या जुन्या मोहिमेला तो चपखल बसतो. तो नको असेल तर शत्रूंना घड्याळ द्या. पार्टी रात्रभर झोपली तर सकाळी प्रवेशद्वारावर दुप्पट पहारा, किंवा खजिना मागच्या दाराने निघून गेलेला.

आणि आता पळण्याचं. जुन्या नियमांत शत्रूंचं मनोधैर्य फाशावर तपासायचे. निम्मे साथीदार पडले की उरलेले बहुधा शस्त्रं टाकायचे किंवा धूम ठोकायचे. नव्या टेबलांवर शत्रू शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढतात, आणि जुन्या अ‍ॅडव्हेंचरमधल्या लढाया तासन्‌तास रेंगाळतात. बेसिकमधला मनोधैर्याचा नियम उचलून आणा: प्रत्येक प्राण्याला २ ते १२ मधला आकडा द्यायचा आणि सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की तो मागे फिरतो. हा जुन्या खेळातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तुकडा आहे.

गुप्त दार आणि बाकी एडिशन

जुन्या खोल्यांत गुप्त दार शोधायला सहा बाजूंचा फासा टाकायचे. बहुतेकांना एक पडला तर, एल्फला एक किंवा दोन पडले तर सापडायचं. एल्फची शक्यता साधारण ३३ टक्के. पाचवीत डीसी १५ आणि बोनस १ घेतला तर ३५ टक्के होते, म्हणजे गणित जुळलं. पण निपुण पात्राचा बोनस ७ असेल तर तीच शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. हे बरं की वाईट? मला वाटतं दाराच्या मागे काय आहे त्यावर ते ठरावं. मोहीम पुढे सरकण्यासाठी लागणारं दार असेल तर फासा टाकूच नका. खेळाडूने ‘मी पुतळ्याचा हात ओढून बघतो’ म्हटलं आणि पुस्तकात हात ओढल्यावर दार उघडतं असं लिहिलं असेल, तर दार उघडलं. जुन्या अ‍ॅडव्हेंचरमध्ये असे तपशील भरपूर असतात, आणि ते फाशाखाली चिरडू नयेत.

तिसऱ्या एडिशनमधून आणताना अडचण उलटी असते. तिथे डीसी लेव्हलबरोबर फुगत जातात, २५ किंवा ३० अगदी सहज येतात. पाचवीत ३० म्हणजे जवळजवळ अशक्य. आकडा सोडून द्या, लेखकाच्या मनात काम किती अवघड होतं ते ओळखा, आणि सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडाला २० द्या. चौथीत लढाया म्हणजे मोठे रचलेले प्रसंग, नकाशा आणि जमिनीच्या करामती मस्त, पण राक्षसांचे हिट पॉइंट भरमसाट. तिथून जमीन घ्यावी, राक्षस पाचवीचे घ्यावे, आणि प्रत्येक तीन लढायांतली एक गाळावी.

सगळ्या खेळांत इतकी मारामारी नसते. ‘कॉल ऑफ थुलू’ हा भयकथांचा खेळ १९८१ साली आला, आणि त्याच्या सातव्या एडिशनने जुने गुणविशेष पाचने गुणून टक्क्यांत आणले. पूर्वीचं रेझिस्टन्स टेबल (दोन ताकदींची तुलना करणारा तक्ता) गेलं आणि त्या जागी दोघांनी एकमेकांविरुद्ध फासे टाकायची पद्धत आली. एवढं केलं की जुनी कथा बहुतेक तशीच चालते, कारण तिचा सगळा जोर तपासावर आणि भीतीवर असतो, आणि ते दोन्ही नियमांच्या फार आत गुंतलेले नाहीत.

हाती काम घेताना

अख्खं पुस्तक एकदम कन्व्हर्ट करायला बसू नये. पहिल्या दोन बैठकांत खेळाडू पोचतील तेवढ्याच खोल्या घ्याव्या. प्रत्येक खोलीपुढे आधी एक ओळ लिहावी: इथे खेळाडूंनी काय करावं अशी लेखकाची अपेक्षा आहे? लढावं, पळावं, सौदा करावा, थकावं, फसावं? ती ओळ लिहिता आली नाही तर ती खोली फक्त जागा भरायला असू शकते, आणि ती खुशाल गाळता येते. ओळ लिहिली की मग स्टॅट ब्लॉकचं पान नोंदवा आणि पुढे चला.

हे टिपण दुसऱ्या डीएमना द्यायचं असेल तर खोली क्रमांक आणि स्वतःचे बदल एवढंच द्यावं. मूळ मजकूर आणि नकाशे कॉपीराइटखाली असतात, ते उतरवून वाटता येत नाहीत. नियमांची बाजू मात्र मोकळी झाली आहे. पाचवीच्या मूळ नियमांचा बराचसा भाग जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, त्यामुळे त्यातला ओगर किंवा वाइट तुमच्या टिपणात श्रेय देऊन आख्खा छापता येतो. ज्याच्याकडे मूळ अ‍ॅडव्हेंचर आहे त्याला तेवढं पुरतं.